पंपाविरुद्धचं पत्रक

आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. दादा, म्हणजे माझे वडील, सोलापुरातल्या एका लहानशा छापखान्यात मशीनवर कामाला होते आणि उरलेला सगळा वेळ संघटनेच्या कामात. संघटनेचं प्रत्येक पत्रक त्यांच्या हातून छापून निघायचं आणि वाटून उरलेल्या प्रती आमच्या घरी यायच्या. गुलाबी, पिवळ्या, पोपटी. माझ्या वह्यांना त्यांचीच कव्हरं, डब्यातल्या कडक भाकरीला त्यांचंच वेष्टण, आणि फडताळात शेंगाचटणीच्या बरणीखाली 'कामगार बंधू-भगिनींनो' हे शब्द तेल पिऊन पारदर्शक झालेले. मला वाचायला त्यांनीच शिकवलं. 'कमळ' आणि 'ससा' येण्याआधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं, आणि शेवटी तीन उद्गारचिन्हं असल्याशिवाय वाक्य संपलं असं मला कितीतरी वर्षं वाटायचंच नाही. पलंगाखाली पत्र्याची एक पेटी होती, तिच्यात मी प्रत्येक पत्रकाची एक प्रत जपून ठेवायची. इतर मुली चिंध्यांच्या बाहुल्या जपतात तशी.

माझी अजून चाळिशी व्हायची आहे. आयुष्य लिहून काढायचं हे वय नव्हे, असं दोघातिघांनी मला ऐकवलं. पण ज्या गोष्टीची लाज वाटते ती म्हातारपणासाठी राखून ठेवली की तिचे कोपरे घासून गुळगुळीत होतात, आणि मग माणूस ती कौतुकानं सांगत सुटतो. मला ती टोचते आहे तोवरच लिहायची आहे.

आमच्या घरात पत्रकांचा एक नेम होता. दादा मजकूर लिहून आणायचे, जेवणं उरकली की आई भिंतीला टेकून पाय पसरून बसायची, आणि मी तो मोठ्यानं वाचायचा. आईला अक्षर येत नव्हतं. म्हणूनच तिच्यापुढं वाचायचा. एखाद्या शब्दापाशी ती "हां?" म्हणाली की तो शब्द गेला. दादा मुकाट्यानं पेन्सिलीनं त्यावर काट मारायचे. 'शोषणव्यवस्था' गेली, 'भांडवली षड्यंत्र' गेलं, 'आवाहन'सुद्धा एकदा जाता जाता वाचलं. शेवटी आई म्हणायची, "समजलं." तेवढं म्हटलं की दुसऱ्या दिवशी पत्रक मशीनवर चढायचं. दादा सगळ्यांना अभिमानानं सांगायचे, "आमच्या हिच्या कानावरून गेल्याशिवाय ह्या शहरात एक पत्रक निघत नाही." आई पदर तोंडाला लावून हसायची. मला तेव्हा वाटायचं, जगातली सगळ्यात मोठी संपादक आमच्याच घरी कांद्याच्या पातीचं पिठलं हाटत बसते.

आम्ही मूळचे मोडनिंबजवळच्या एका खेड्यातले. माझ्या जन्माआधीच दादा शहरात आले. आमच्या दोन खोल्या होत्या, आणि पाठीमागच्या भिंतीला लागून टॉवेलचा कारखाना. त्या भिंतीतून मागांचा आवाज दिवसभर यायचा. खटाक-खट, खटाक-खट. पाहुणे आले की त्यांचं डोकं दुखायचं. आम्हाला तो ऐकूच यायचा नाही. उलट वीज गेली आणि माग थांबले की आम्ही सगळे दचकून एकमेकांकडं बघायचो, जणू कुणीतरी बोलता बोलता मध्येच गप्प झालंय. आई त्याच कारखान्यात कांड्या भरायची. धोट्यात बसवायच्या बारक्या कांड्यांवर सूत गुंडाळायचं, दिवसभर, चाकासमोर बसून. घरी यायची तेव्हा तिच्या भुवयांवर, पापण्यांवर सुताची पांढरी लव बसलेली असायची. मी लहानपणी ती फुंकरीनं उडवायची, आणि ती डोळे मिटून घ्यायची. ते मला अजून दिसतं. खेळ वाटायचा तो. तीच लव तिच्या छातीतही जाते, हे फुंकर मारणाऱ्या पोरीला कुठून कळणार?

आईला दमा होता. गावाकडं असताना नव्हता, असं ती म्हणायची. थंडीत आणि कारखान्यात नवं सूत आलं की तिला धाप लागायची, छातीतून बारीक शिट्टी वाजायची. शेजारच्या नरसम्माअक्का दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेल्या असायच्या. त्या तेलुगू घरातल्या, पण भांडण, थट्टा आणि विचारपूस सगळं मराठीत. तंबाखूचा वास त्यांच्या अंगाला आणि आमच्या उंबऱ्याला सारखाच. आई धापा टाकत गल्लीत शिरली की अक्का विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता ओरडायच्या, "आली बघ आगगाडी! किती वाजताची गं ही?" आई हातानंच 'थांब' म्हणायची, दारात बसायची, दम खाऊन झाला की उत्तर द्यायची, "तुज्या माहेराकडची हाय की. जातीस का बसून?" मग अक्का आतून गरम पाण्याचा तांब्या आणायच्या. दुखण्याबद्दल दोघींचं एवढंच बोलणं असायचं.

मी अकरावीत असताना दादांनी आईला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं आणि ती दम्याचे दोन पंप घेऊन आली. एक निळा, एक तपकिरी. निळा धाप लागली की ओढायचा. तपकिरी रोज सकाळ-संध्याकाळ. तिनं ते फडताळात मिठाच्या डब्याशेजारी ठेवले. पहिले काही दिवस बरे गेले. नंतर दोन गोष्टी झाल्या. निळा पंप ओढला की तिचे हात थरथरायचे, चहाची कपबशी वाजायची. आणि महिन्याभरानं तिच्या जिभेवर, टाळ्यावर पांढरे चट्टे आले. तिखट लागेना, भाकरीचा घास गिळवेना. शेंगाचटणीशिवाय ज्या बाईचा घास उतरत नव्हता ती दूध-भात खायला लागली. आवाजही बसला.

मी सतरा वर्षांची होते आणि माझ्याकडं प्रत्येक गोष्टीला शत्रू तयार असायचा. ह्याचा शत्रू शोधायला मला एक संध्याकाळ पुरली. कंपनी. गोळी घेऊन माणूस बरा होतो आणि गोळी सोडतो. पंप मात्र रोज घ्यायचा, म्हणजे गिऱ्हाईक कधी सुटायलाच नको. आणि त्यात स्टेरॉइड असतं, हे मी वर्गातल्या एका मुलीकडून ऐकलं होतं. तो शब्द कानाला विषासारखाच लागत होता. मी एकाही डॉक्टरला विचारलं नाही. औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद उलगडून बघितला आणि परत घडी घालून ठेवला. आमच्या पेटीतल्या पत्रकांत कुठल्या मालकानं काय केलं हे लिहिण्याआधी दादा चार कामगारांना भेटायचे, पगाराच्या चिठ्ठ्या बघायचे, हे मी रोज पाहिलेलं होतं. पण मी त्यातला फक्त आवाज उचलला होता.

पत्रक एका बैठकीत लिहून झालं. त्याचं नाव 'श्वासाचा धंदा!!!' 'आया-बहिणींनो,' असं सुरू होत होतं. 'आज निळा, उद्या तपकिरी, परवा कायमची गुलामी. पंपाची सवय लागते. पंप म्हणजे शेवटचा उपाय, पुढं काहीच चालत नाही. त्याच्यानं हात कापतात, जीभ सडते. आपल्या मातीतलं औषध सोडून कंपनीची हवा का ओढता?' मी वाचत होते आणि आई ऐकत होती. नेहमीसारखीच, भिंतीला टेकून. एकदाही "हां?" म्हणाली नाही. माझी छाती फुगली. दादांच्या मजकुरात निदान तीन-चार शब्द तरी कापले जायचे.

"समजलं," आई म्हणाली. जरा वेळानं पुन्हा म्हणाली, "लई चांगलं लिवलंस, नंदे. समदं समजलं."

दादांनी मजकूर दोनदा वाचला, दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. "कुठल्या कंपनीचं नाव घेतलं नाहीस ना?" एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आमच्या घरात तो हात फार कमी वेळा डोक्यावर यायचा. पुढच्या रविवारी छापखान्यातल्या उरलेल्या पिवळ्या कागदावर माझं पहिलं पत्रक छापून निघालं. शाईचा तो वास, गरम-ओलसर गठ्ठा, आणि पहिली प्रत दादांनी दोन बोटांत धरून मला दिली ती तऱ्हा. खोटं कशाला बोलू, आजही आठवलं की सुखच होतं. मी ती गल्लीत वाटली, कांड्या भरणाऱ्या बायकांत वाटली, विडी कारखान्याच्या दाराशी उभं राहून वाटली. अक्कांनी त्यांची प्रत पाण्याच्या माठावर भिंतीला चिकटवली. "आमच्या नंदाचं छापून आलंय," असं सगळ्यांना बोट दाखवून सांगायच्या. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं.

घरी येऊन बघते तर आईनं दोन्ही पंप माझ्यापुढं धरले. "घे. तुज्या पेटीत ठिव. पुरावा म्हून लागंल की." मी ते पत्रकांच्या पेटीत ठेवले आणि कडी लावली.

त्यानंतरचे दोन-अडीच महिने आमच्या घरातले सगळ्यात आनंदाचे होते, आणि ह्या सगळ्यात लिहायला अवघड तेच आहेत. आठवड्याच्या बाजारात एक पुडीवाला बसायचा. झाडपाल्याची काळपट पूड, कागदाच्या पुड्यांत बांधलेली. मातीतलं औषध म्हणून मीच आईला त्याच्याकडं नेलं. दोन दिवसांत धाप थांबली. तोंडातले चट्टेही हळूहळू गेले. आईला भूक लागायला लागली, अशी की ती कढईच्या काठाची खरवडसुद्धा सोडत नव्हती. गावाकडून हुरड्याचं पोतं आलं तेव्हा तिनं अंगणात शेणाच्या गोवऱ्यांवर कणसं भाजली, अक्कांना बोलावलं, आणि हातावर चोळून गरम दाणे आमच्या ओंजळीत टाकत राहिली. गूळ, लसणाची चटणी, धूर, आणि आईचं खोकला नसलेलं हसणं. तिचा चेहरा भरला, गाल गोल झाले. "बघ की, नवरी दिसतीय," अक्का म्हणाल्या. मी तिच्या गोल गालांकडं बघायची आणि मनात म्हणायची, हे माझ्या पत्रकानं केलं.

मग उन्हाळा लागला आणि पुडीवाला बाजारात दिसेनासा झाला. एक आठवडा, दोन आठवडे. त्याच्या जागेवर कलिंगडवाला बसला. पुड्या संपल्या. आई गळून गेल्यासारखी दिसायला लागली. उन्हाचं असेल, असं आम्ही म्हणालो. शिट्टी परत सुरू झाली. कारखान्यात त्याच आठवड्यात नवं सूत आलं होतं.

तो वीज जायचा दिवस होता. दुपारी जेवणं झाली होती, दादा छापखान्यात गेले होते. आई कामावरून मध्येच परत आली आणि दारातच बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर. मी पाणी आणायला उठले आणि तेवढ्यात भिंतीमागचे माग थांबले. ती शांतता मी विसरणार नाही. इतकी वर्षं त्या खटाक-खटनं झाकून ठेवलेला आईचा श्वास पहिल्यांदा पूर्ण ऐकू आला. बारीक, लांब, चिरत जाणारी शिट्टी. घरभर तेवढाच आवाज. तिला वाक्य बोलता येत नव्हतं. एकेक शब्द, मध्ये श्वास. मी पाठ चोळत बसले. थोड्या वेळानं शिट्टी कमी झाली. मग थांबली. मला हायसं वाटलं. खरंच सांगते, मी म्हटलं, "बघ आई, थांबली. उतरतंय आता."

दारात आलेल्या अक्कांनी आईचे ओठ बघितले. निळसर पडले होते. त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं, तंबाखू अंगणभर झाला. "उतरतंय काय, येडे! आत हवाच जाईना तिच्या! कुठंय ते निळं? ते डबडं कुठंय?"

मी पलंगाखाली घुसले. कडी निघेना. पत्रकं दोन्ही हातांनी बाहेर फेकली, पिवळी, गुलाबी, पोपटी, आणि तळाशी निळा पंप सापडला. तो मी आईच्या तोंडाजवळ नेला तर तिनं मान फिरवली.

"आई, घे!"

तिनं हातानं तो बाजूला सारला. "तू..." श्वास. "लिवलंस..." श्वास. "सवय... लागती."

माझ्या आयुष्यात माझ्या लेखनाला मिळालेली सर्वांत मोठी दाद तीच. मरायला टेकलेली बाई माझ्या शब्दाला जागत होती. मी काय बोलले ते मला आठवत नाही. अक्का सांगायच्या की मी नुसतं "खोटं लिहिलं, आई, खोटं लिहिलं" असं किंचाळत होते. अक्कांनी तिचं डोकं धरलं, मी पंप दाबला. पहिला सगळा बाहेरच गेला. दुसरा थोडा आत. "हळू, हळू. ओढ गं लक्ष्मी माझी, ओढ," अक्का म्हणत होत्या. थोडं थांबून आणखी एक, आणखी एक. मग कुठूनतरी ती शिट्टी परत ऐकू आली, आणि त्या आवाजाइतकं गोड मी काही ऐकलेलं नाही. गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली रिक्षा अक्कांनीच ओरडून बोलावली. दवाखान्यापर्यंत मी पंप मुठीत धरून बसले होते, आई आमच्या दोघींच्या मध्ये, आणि अक्का रिक्षावाल्याला तेलुगू, मराठी, हिंदी अशा तिन्ही भाषांत शिव्या घालत होत्या.

तिथं आईला ऑक्सिजन लावला, औषधाची वाफ दिली, सुया टोचल्या. संध्याकाळी ती डोळे उघडून माझ्याकडं बघायला लागली तेव्हा एक तरुण डॉक्टरबाई आल्या. बार्शीकडच्या असाव्यात, बोलण्यातून तसं वाटलं. आईच्या पिशवीत जुने केसपेपर शोधताना त्यांना घडी घातलेलं पिवळं पत्रक सापडलं होतं. आई ते बरोबर बाळगायची.

"हे कुणी लिहिलंय?"

"मी."

त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "भाषा चांगली आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी मारलं असतं तरी चाललं असतं.

मी तेवढ्यातही भांडलेच. कंपन्या नफा कमवत नाहीत का? त्यात स्टेरॉइड नसतं का? आईच्या तोंडात चट्टे आले ते खोटे होते का?

"बस खाली," त्या म्हणाल्या आणि स्वतः लोखंडी खाटेच्या कडेला टेकल्या. "चट्टे खरे होते. तपकिरी पंपात स्टेरॉइड आहे, तेही खरं. पण ते श्वासाबरोबर थोडंसं, जिथं सूज आहे तिथंच जातं. तोंडात जे राहतं त्यानं चट्टे येतात. पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरायची आणि थुंकून टाकायची. हे आईला कुणी सांगितलं होतं का?"

आईनं मान हलवली. नाही.

"मग ती आमची चूक," डॉक्टरबाई म्हणाल्या. सरकारी दवाखान्यात, पांढऱ्या कोटातल्या माणसाच्या तोंडून, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. "आणि निळ्यानं हात कापतात, छाती धडधडते, तेही खरं. थोड्या वेळानं थांबतं. पण निळा सारखा सारखा लागायला लागला तर ती सवय नव्हे. दमा हाताबाहेर चाललाय म्हणून तो लागतो. नुसत्या निळ्यावर दिवस काढायचे नाहीत, तपकिरी रोज घ्यायचा, म्हणजे निळ्याची गरजच कमी पडते. जास्त ताकदीचा पंप बरीच वर्षं घेतला तर त्याचेही परिणाम असतात. म्हणून तर परत परत तपासायला बोलावतो, जमेल तसा डोस उतरवतो. एकही औषध असं नाही की ज्याला दुसरी बाजू नाही."

मग त्यांनी आईच्या गालाला बोट लावलं. "हा चेहरा कधीपासून असा सुजलाय?"

"सुजलाय?" मी म्हटलं. "ती सुधारलीय. पुडीनं."

त्यांनी पुडी मागितली. माझ्याकडं रिकामा कागद होता. "तपासल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या, "पण ही भूक, हे गाल, रक्तातली वाढलेली साखर आणि पुड्या संपल्यावर हे असं कोसळणं बघून मला वाटतं, त्यात स्टेरॉइडच कालवलेलं होतं. पोटातून, पंपाच्या कितीतरी पट, आणि किती ते कुणालाच माहीत नाही. तेही एकदम बंद झालं." त्या उठल्या. "कंपन्यांवर जरूर लिही. पंप महाग आहेत, इथला साठा अधूनमधून संपतो, त्याच्यावर लिही, मी वाचीन. पण आधी विचार. कुणालातरी विचार."

आई आठ दिवसांनी घरी आली. दुसऱ्याच दिवशी मी नवं पत्रक लिहायला बसले. नाव 'आमचं चुकलं'. दादांनी ते दोन शब्द बघितले आणि कागद परत दिला.

"पत्रकात माघार नसते, नंदा. आज हे छापलं तर उद्या आमच्या प्रत्येक पत्रकाला मालक हेच म्हणणार. तोंडी सांग की घरोघरी. कोण नको म्हणतंय?"

दादांशी मी त्याआधी कधी भांडले नव्हते. त्या दिवशीही भांडले नाही, कारण खाटेवरून आई बोलली. आवाज अजून बसलेलाच होता.

"छापून चुकलीय ती. तोंडी कसं मिटंल?" ती म्हणाली. "मी मेली असती तर काय तोंडीच रडला असता व्हय तुमी?"

दादा उठून अंगणात गेले. परत आले तेव्हा त्यांनी कानामागची पेन्सिल काढून माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाले, "वाच."

मी वाचलं. आई भिंतीला टेकून ऐकत होती. पण ह्या वेळी ती दर ओळीला थांबवत होती, आणि शब्द कळत नाही म्हणून नव्हे. "ह्ये तुला कुनी सांगितलं?" डॉक्टरबाईंनी. "त्यास्नी दाखवलंस का लिवलेलं?" नाही. "मग दाखवून ये." मी गेले. डॉक्टरबाईंनी दोन ठिकाणी दुरुस्ती केली. परत वाचलं. आईनं शेवटपर्यंत ऐकलं, आणि नेहमीचा शब्द न म्हणता म्हणाली, "चूळ भरायचं कुटंय ह्यात? त्येच तर कुनी सांगितलं न्हवतं मला." माझ्या एवढ्या मोठ्या कबुलीजबाबात नेमकी तीच ओळ राहिली होती. ती मी सगळ्यात वर घातली. त्या पत्रकात एकही उद्गारचिन्ह नव्हतं.

मग जिथं जिथं पिवळं वाटलं होतं तिथं तिथं जाऊन ते परत मागायचं आणि पांढरं द्यायचं. हे काम मी एकटीनं केलं. दादांनी तशी अटच घातली होती. काही पिवळी पत्रकं भज्यांखाली संपली होती. त्यांचा मला एरवी राग आला असता, तेव्हा आनंद झाला. आमच्याच गल्लीत मागावर काम करणारे एक म्हातारे आजोबा होते, त्यांनी खरोखरच पंप सोडला होता. त्यांच्या दारात उभी राहून "आजोबा, माझं चुकलं, पंप परत सुरू करा" असं मी म्हटलं. त्यांनी आत जाऊन देवाच्या फोटोमागून तपकिरी पंप काढला, माझ्यापुढं धरला आणि विचारलं, "अजून चालतोय का बघ की, पोरी." मी त्यावरची तारीख वाचून दाखवली. चालत होता.

अक्का मात्र सुखासुखी सोडणाऱ्या नव्हत्या. "छापलेलं परत मागतात होय? असलं पहिल्यांदाच बघतीय मी," असं म्हणत त्यांनी माठावरचं पिवळं पत्रक नखानं खरवडून काढलं. भिंतीचा पोपडाही निघाला. त्याच जागी पांढरं चिकटवलं. "आता हेपण परत न्यायला येशील का?"

"खोटं निघालं तर येईन," मी म्हटलं.

अक्का आता नाहीत. कारखान्याचं गोदाम झालं, भिंतीमागून आवाज येत नाही. आई आहे. तिला अजून दमा आहे, तपकिरी पंप अजून मिठाच्या डब्याशेजारी आहे, त्याचा डोस पूर्वीपेक्षा कमी झालाय, आणि निळा महिनोन् महिने हलत नाही. मी अजून चिडते, अजून लिहिते, कंपन्यांवरही लिहिते. पण लिहिलेलं कुठंही पाठवण्याआधी आईपुढं वाचते, आणि ती दर ओळीला विचारते, ह्ये तुला कुनी सांगितलं.

हे प्रकरणही काल दुपारी तिला वाचून दाखवलं. ती भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होती. रिक्षापाशी मला वाचवेना, तेव्हा मी थांबले. मग पुढं वाचलं. शेवटपर्यंत झालं. मी विचारलं, "समजलं का?"

"समजलं की," आई म्हणाली. "हितं कुनी सांगितलं म्हून इचारायचं न्हाई. मीच हुते." मग डोळे उघडून म्हणाली, "पर एवढं मोठं लिवलंस, आन् चूळ भरायचं एकदाच. मधीच कुटंतरी. मानसं रडत बसत्याली आन् त्येच इसरत्याली. शेवटाला लिव परत."

तपकिरी पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरा, आणि ते पाणी थुंकून टाका.